आर्य प्रश्न : भाषा कुठून आली आणि माणसे कुठून आली

अन्वयार्थी (धागालेखन)

आर्य बाहेरून आले की ते इथलेच, या प्रश्नावर मराठीत दीडशे वर्षे लिहिले जात आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त आर्य इराणाकडून आले आणि त्यांनी येथील मूळ रहिवाशांना दास्यात लोटले, अशी मांडणी केली. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ऋचांमधील प्रदीर्घ उषःकाल आणि सहा महिन्यांची रात्र यांच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, असा निष्कर्ष काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात आक्रमणाच्या सिद्धान्ताला वेदांत आधार सापडत नाही, असे म्हणून तो साफ नाकारला. एका प्रांतातल्या तीन थोर माणसांनी एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिली, आणि आजही आपण बहुधा या तिघांपैकी कोणाचा तरी हात धरूनच वाद घालतो. फुले आणि टिळक यांच्या हयातीत सिंधू संस्कृती जगाला ठाऊकच नव्हती. तिची घोषणा १९२४ ची. आंबेडकरांच्या काळी ती ठाऊक होती, पण हाडांतून जनुके वाचण्याची विद्या नव्हती. तेव्हा त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांची पुरावा तपासण्याची जिद्द घ्यावी आणि आज हाती असलेला पुरावा नव्याने पाहावा, यासाठी हा धागा.

माझ्या मते या वादातला निम्मा गोंधळ तीन प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी या भाषांची समान पूर्वज-भाषा कुठे बोलली जात होती, हा एक प्रश्न. त्या भाषेची एक शाखा बोलणारी माणसे भारतीय उपखंडात आली का, आली असल्यास केव्हा आणि किती, हा दुसरा. ऋग्वेद कुठे रचला गेला, हा तिसरा. यांपैकी तिसऱ्याचे उत्तर जवळजवळ निर्विवाद आहे: ऋग्वेदाचा भूगोल पूर्व अफगाणिस्तानातल्या कुभेपासून (आजची काबूल नदी) पंजाब-हरियाणापर्यंतचा आहे. मात्र ‘ऋग्वेद इथे रचला गेला, म्हणजे भाषाही इथलीच’ असे म्हणताच आपण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला देऊन मोकळे होतो.

पहिल्या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम पुरावा भाषेच्या पोटातच आहे आणि तोच चर्चेत सर्वांत कमी येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोवा-कोचीनकडे राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या इटालियन व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतले साम्य पत्रांत नोंदवले होते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा आता कदाचित अस्तित्वात नसलेल्या एखाद्या समान उगमातून आल्या असाव्यात, असे सांगितले. पण साम्य दिसणे वेगळे आणि नाते सिद्ध होणे वेगळे. नाते सिद्ध झाले ते एकोणिसाव्या शतकात, ध्वनिबदलांचे नियम सापडल्यावर.

त्यांतला एक नियम मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तो समजला की ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ हे विधान का टिकत नाही ते आपोआप कळते. संस्कृतात ‘कृ’ धातूचे रूप ‘चकार’ होते, ‘गम्’ चे ‘जगाम’. धातूतल्या पहिल्या व्यंजनाची द्विरुक्ती होताना ‘क’ चा ‘च’ आणि ‘ग’ चा ‘ज’ होतो. पाणिनीने नियम सांगितला. पण तो बदल का होतो, याचे कारण संस्कृतच्या आत मिळत नाही, कारण ‘चकार’मध्ये दोन्ही व्यंजनांपुढे ‘अ’च आहे. कारण मिळते ते ग्रीकशी तुलना केल्यावर. ग्रीकमध्ये अशा द्विरुक्तीत ‘ए’ हा स्वर येतो. म्हणजे ‘चकार’च्या पहिल्या अक्षरात एके काळी ‘ए’ होता, त्या ‘ए’मुळे ‘क’ तालव्य होऊन ‘च’ झाला आणि त्यानंतर ‘ए’, ‘ओ’, ‘अ’ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर मिळून एकच ‘अ’ उरला. ‘आणि’ या अर्थाचे संस्कृत ‘च’ आणि लॅटिन ‘क्वे’ हीदेखील त्याच नियमाची साक्ष आहे. संस्कृतातले ‘च’ आणि ‘ज’ अशा एका स्वराच्या खुणा वागवतात, जो स्वर संस्कृतने स्वतः गमावला आहे आणि तिच्या युरोपीय बहिणींनी जपला आहे. उलट बाजूने, ‘घ’, ‘ध’, ‘भ’ हे घोष महाप्राण संस्कृतने जपले आणि ग्रीक-लॅटिनने गमावले. म्हणजे या भाषांपैकी एकही आई नाही. सगळ्या बहिणी आहेत आणि आई लिखित स्वरूपात कुठेच उरलेली नाही.

ही पद्धत किती विश्वासार्ह आहे, याची कसोटीही इतिहासाने घेतली आहे. फर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या तरुणाने मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत, जे तेव्हा ज्ञात असलेल्या कोणत्याच भाषेत उरले नाहीत, असे निव्वळ तर्काने मांडले. पुढे तुर्कस्तानातल्या बोगाझकोय येथील मृत्तिकापट्टांवरची हित्ती भाषा बेडर्शिख ह्रोझनी यांनी १९१५ मध्ये उलगडली आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच यांनी दाखवले की, सोस्यूरने कल्पिलेल्या जागी हित्तीत खरोखरच एक कंठ्य ध्वनी लिहिलेला आहे. भाकीत आधी आणि पुरावा नंतर, हे मानव्यविद्यांत क्वचितच घडते.

इथून पुढे मूळस्थानाचा वाद सुरू होतो. त्यावर आपली मते वाचायला आवडेल. पुराव्यासह असावीत, एवढीच विनंती.

मृण्मय

लेख आवडला, पण मी पुरातत्त्वाच्या बाजूने एक अडचण मांडतो. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ च्या हडप्पा उत्खननानंतर तटबंद्यांचा संबंध ऋग्वेदातल्या ‘पुरंदर’ (पुरे फोडणाऱ्या) इंद्राशी जोडला आणि मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून कत्तलीचे चित्र उभे केले. ते चित्र पाठ्यपुस्तकांत अनेक दशके टिकले. प्रत्यक्षात जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की, ते सांगाडे एकाच वेळचे नाहीत, एकाच थरातले नाहीत आणि बहुतेकांवर हत्याराच्या घावाची खूणही नाही. नगरे ओस पडली ती इसवी सन पूर्व १९०० च्या सुमारास, हळूहळू, पर्जन्यमान बदलल्यामुळे आणि नद्या आटल्या-सरकल्यामुळे. लोक पूर्वेला आणि दक्षिणेला पसरले. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर-हडप्पा काळाची वस्ती सापडली आहे. नव्या लोकांचा लोंढा आला असता, तर त्यांची खापरे, त्यांची थडगी, त्यांच्या घरांची धाटणी यांचा एकसंध थर पंजाबपासून गंगेपर्यंत सापडायला हवा होता. असा थर सापडत नाही. मग केवळ धातुरूपांच्या आधारे स्थलांतर कसे मान्य करायचे?

अन्वयार्थी

मृण्मय, आक्रमणाबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. व्हीलरचे चित्र कोलमडले, यात शंका उरलेली नाही, आणि आज कोणताही जबाबदार अभ्यासक ‘आक्रमण’ हा शब्द वापरत नाही. मात्र आक्रमण झाले नाही, एवढ्यावरून भाषा बाहेरून आली नाही असे ठरत नाही. भाषा थोड्या लोकांबरोबर, अनेक पिढ्यांत, लग्नसंबंध, आश्रय, पशुधन आणि यज्ञविधी यांच्या वाटेनेही पसरते. हंगेरीचे उदाहरण पाहावे. तिथली भाषा उरल पर्वताकडच्या भाषाकुलातली आहे, नवव्या शतकाच्या अखेरीस ती तिथे पोहोचली हे लिखित इतिहासातून ठाऊक आहे, तरी आजच्या हंगेरियन लोकांची जनुके बहुतांशी त्यांच्या मध्य-युरोपीय शेजाऱ्यांसारखीच आहेत. लिखित साधने नसती, तर केवळ खापरांवरून तिथे भाषा बदलल्याचे ओळखणे फार कठीण गेले असते.

खापर बोलत नाही, हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू पडते. सिंधू लोक कोणती भाषा बोलत होते, हे त्यांच्या विटांवरून सांगता येत नाही आणि लिपी अजून वाचता आलेली नाही.

सप्तसिंधू

मी ‘भारतातून बाहेर’, म्हणजे हे भाषाकुल भारतातूनच बाहेर पसरले, या मांडणीकडे झुकणारा आहे आणि ती मांडणी हसण्यावारी नेली जाते याचे मला वाईट वाटते, म्हणून तिचे दोन मुद्दे नीट मांडतो.

पहिला मुद्दा मितान्नीचा. इसवी सन पूर्व चौदाव्या शतकात उत्तर सीरियाच्या मितान्नी राज्याचा हित्ती राजाशी झालेला तह बोगाझकोयला सापडला आहे. त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवतांना साक्षीला बोलावले आहे. त्याच राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वप्रशिक्षकाच्या ग्रंथात घोड्यांच्या फेऱ्यांसाठी ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’, ‘सत्तवर्तन’ असे शब्द आहेत. हे इराणी नव्हे, भारतीय रूप आहे. इराणीत ‘एक’साठी ‘अइव’ येते. शिवाय मितान्नी राजवंशातली आणि सरदारांतली नावे ऋग्वेदाच्या उत्तरकालीन मंडलांतल्या नावांशी जुळतात, प्राचीन मंडलांतल्या नावांशी नाही. मग ऋग्वेद पूर्ण होऊन गेल्यानंतर भारतातून बाहेर पडलेले लोक तिथे पोहोचले, असे का मानू नये?

दुसरा मुद्दा सरस्वतीचा. सातव्या मंडलात ती पर्वतापासून समुद्रापर्यंत वाहते असे म्हटले आहे. हरियाणा-राजस्थानातून पाकिस्तानात जाणारी, आज पावसाळ्यापुरती वाहणारी घग्गर-हाकरा हीच ती नदी असेल, तर ती तशी वाहत होती तेव्हाच, म्हणजे हडप्पा नगरांच्या आधी किंवा त्यांच्या काळातच, ही ऋचा रचली गेली असली पाहिजे.

पदपाठ

सप्तसिंधू यांनी मुद्दे नेमके मांडले आहेत, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो.

मितान्नीची भाषा भारतीय शाखेच्या जवळची आहे, हे खरे. पण ती ऋग्वेदानंतरची असती, तर ऋग्वेदात पूर्ण झालेले ध्वनिबदल तिच्यात दिसायला हवे होते. मितान्नी कागदपत्रांत ‘प्रियमज्द’ असे नाव येते. ऋग्वेदात तेच नाव ‘प्रियमेध’ आहे. ‘अज्ध’पासून ‘एध’ हा बदल वैदिक भाषेत झालेला आहे आणि मितान्नीत तो झालेला नाही. ‘ऐक’मध्येही ‘ऐ’ हा संयुक्त स्वर अजून शाबूत आहे, वेदात तो ‘ए’ झाला आहे. म्हणजे मितान्नीचे रूप वेदापेक्षा एक पायरी जुने आहे. नाव कोणत्या मंडलात आहे यावरून काळ ठरवता येत नाही, कारण नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ध्वनिबदल मात्र एकाच दिशेने जातात. ‘मेध’पासून मागे वळून ‘मज्ध’ होत नाही. इराण-मध्य आशियाच्या परिसरात भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होऊ लागल्यावर एक गट पश्चिमेला सीरियाकडे आणि दुसरा पूर्वेला सप्तसिंधू प्रदेशाकडे, म्हणजे पंजाबाकडे, गेला, ही मांडणी या रूपांशी जास्त सहज जुळते.

सरस्वतीबद्दल इतकेच सांगतो की, नदीच्या गाळाचा अभ्यास आता बराच झाला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सतलजने घग्गरचे पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच सोडले होते. हडप्पाच्या वस्त्या तिच्या सोडलेल्या रुंद पात्रात आणि काठावर वाढल्या. त्या काळी घग्गरला हिमनदीचे पाणी किती मिळत होते, यावर भूशास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. तेव्हा ज्या नदीच्या इतिहासावर तज्ज्ञांचेच एकमत नाही, तिच्यावरून ऋचेचा काळ ठरवणे घाईचे होईल. आणि ‘समुद्र’ हा शब्द ऋग्वेदात मोठ्या जलाशयासाठी आणि आकाशातल्या जलराशीसाठीही येतो. शिवाय अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘हरख्वइती’ नावाची नदी आहे, ती अफगाणिस्तानात. स चा ह होणे हा इराणी शाखेचा नियम असल्याने सोम-हओम, असुर-अहुर, सप्तसिंधू-हप्तहेंदू या जोड्यांप्रमाणेच हे सरस्वतीचेच नाव आहे. एक नाव दोन नद्यांना आहे आणि कोणाचे कोणाकडे गेले, हे केवळ नावावरून कळत नाही.

माझ्या दृष्टीने ‘भारतातून बाहेर’ या मांडणीपुढची खरी अडचण फिनलंडकडे आहे. फिनिश आणि तिच्या बहिणी इंडो-युरोपीय (संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या कुलातल्या) नाहीत, उरली कुलातल्या आहेत. तरी फिनिशमध्ये शंभराला ‘सता’ म्हणतात (शत), हातोड्याला ‘वसारा’ (वज्र). हे शब्द इंडो-इराणी, म्हणजे भारतीय आणि इराणी शाखांच्या समान पूर्वज, भाषेतून, ती अजून फारशी फुटलेली नव्हती तेव्हा, उरली भाषांत गेले. म्हणजे त्या भाषेचे बोलणारे उरल पर्वताजवळच्या जंगलांतल्या लोकांचे शेजारी होते. सप्तसिंधूहून निघालेल्या लोकांनी वाटेत ते शब्द दिले असे म्हणायचे, तर त्यांनी सोबत भारतातली झाडे, प्राणी, पिके यांचे शब्दही नेले असते. मोर, हत्ती, वड यांचे कोणतेही नाव युरोपातल्या शाखांत वारसा म्हणून उतरलेले नाही.

सप्तसिंधू

फिनिशचा मुद्दा वजनदार आहे, हे मी मान्य करतो. तरी झाडांच्या नावांवरचा युक्तिवाद मला दुबळा वाटतो, कारण थंड प्रदेशात गेलेले लोक मोराचे नाव कशासाठी जपतील? जी वस्तू रोज दिसत नाही, तिचे नाव दोन पिढ्यांत विसरले जाते. मितान्नीवरील उत्तराचा मी अजून विचार करतो आहे.

पेशी

जनुकांच्या अभ्यासावर वर्तमानपत्रांत इतके उलटसुलट छापून आले आहे की, मूळ निष्कर्ष सांगणे भाग आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या लेखकांत काही नावे समान होती. पहिला हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन नगराचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले होते. ६१ नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या हाडातून पुरेशी जनुके मिळाली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीत इराणी पठाराशी संबंधित एक प्राचीन वंशधारा आणि दक्षिण आशियातल्या आदिम शिकारी-संग्राहकांची धारा यांचे मिश्रण होते. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाची, म्हणजे स्टेपची, वंशधारा तिच्यात अजिबात नव्हती. ती इराणी धाराही इराणात शेती सुरू होण्याआधीच वेगळी झालेली होती. यावरून अनेकांनी ‘आर्य स्थलांतर खोटे ठरले’ असे मथळे दिले.

दुसरा निबंध पाचशेहून अधिक प्राचीन व्यक्तींचा. त्यानुसार स्टेपची वंशधारा दक्षिण आशियात इसवी सन पूर्व २००० ते १५०० या काळात उतरू लागली आणि आज उत्तर भारतातल्या काही समूहांत तिचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत आहे. दोन्ही निबंध शेजारी ठेवले की विरोध उरत नाही. जी धारा इसवी सन पूर्व २००० नंतर आली, ती त्याआधीच्या स्त्रीत सापडणारच नाही. ती सापडली असती, तर उलट स्थलांतराचा काळ चुकला असता. राखीगढीच्या निकालाने एक मोठी गोष्ट मात्र प्रस्थापित केली. सिंधू संस्कृती उभारणाऱ्यांचा वंश आजच्या जवळजवळ सर्व भारतीयांत आहे, उत्तरेत आणि दक्षिणेत, सर्व जातींत.

आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१३ च्या एका अभ्यासात असे दिसले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, आज स्वतःला एकाकी मानणारे समूहही त्यातून सुटलेले नाहीत, आणि त्यानंतर हे मिसळणे थांबून जातीबाहेरचे विवाह जवळजवळ बंद झाले. जे कोणी आले, ते मिसळून गेले. भिंती नंतर उभ्या राहिल्या.

मृण्मय

पेशी यांचे स्पष्टीकरण पटले. पण जनुकांवर भाषेचे नाव लिहिलेले नसते. स्टेपची माणसे आली हे सिद्ध झाले, तरी त्यांनीच इंडो-आर्य (संस्कृतच्या शाखेची) भाषा आणली हे वेगळे सिद्ध करावे लागेल.

अन्वयार्थी

बरोबर, आणि म्हणूनच मी भाषेपासून सुरुवात केली. एकट्या जनुकांनी काहीच ठरत नाही. ठरते ते तेव्हा, जेव्हा स्वतंत्र मार्गांनी आलेले पुरावे एकाच काळाकडे आणि एकाच दिशेकडे बोट दाखवतात. दक्षिण उरलमधल्या सिंताष्टा संस्कृतीत इसवी सन पूर्व २१०० ते १८०० च्या दरम्यान आरे असलेल्या चाकांचे रथ थडग्यांत सापडतात. घोड्यांच्या प्राचीन जनुकांवरील २०२१ च्या संशोधनाप्रमाणे आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा-डॉन परिसरात आहे आणि त्यांचा वेगाने प्रसार इसवी सन पूर्व २००० च्या आसपास झाला. ऋग्वेद घोडा आणि रथ यांनी भरलेला आहे. सिंधू मुद्रांवर बैल, गेंडा, हत्ती, वाघ आहेत, घोडा नाही. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पा वस्तीत घोड्याची हाडे सापडल्याचे शांदोर बोकोन्यी यांचे मत होते, रिचर्ड मेडो यांनी ते स्वीकारले नाही. उत्तर प्रदेशातल्या सिनौलीला २०१८ मध्ये मिळालेली वाहने महत्त्वाची आहेत, पण त्यांची चाके भरीव आहेत आणि तिथे घोडा मिळालेला नाही. उरली भाषांतले उसने शब्द, मितान्नीचे पुरावे, घोडा, रथ आणि माणसांची जनुके हे सारे इसवी सन पूर्व २००० ते १५०० या पाच शतकांभोवती जमतात. हे जमणे योगायोगाचे आहे, असे म्हणायला मी तयार नाही.

ओवी

इतका वेळ सगळी चर्चा उत्तरेकडून आलेल्या गोष्टींचीच झाली. इथे आधीपासून असलेल्या भाषांनी आर्य भाषेला काय दिले, हा प्रश्न मराठी माणसासाठी जास्त जवळचा आहे. ऋग्वेदातच ‘लाङ्गल’ हा शब्द येतो, ज्याचा आपला ‘नांगर’ झाला. त्याला ग्रीक-लॅटिनमध्ये नातेवाईक नाही. त्याचे नातेवाईक मुंडा आणि द्राविड भाषांत आहेत. नांगराचा शब्द इथल्या शेतकऱ्यांकडून घेतला गेला, यात मोठा इतिहास आहे. ट, ठ, ड, ढ, ण ही मूर्धन्य व्यंजने अवेस्तात नाहीत, द्राविड भाषांत ती मुळापासून आहेत. आणि मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो फरक आहे, ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून, तो हिंदीत नाही, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ असा आहे. आपल्या भाषेची शब्दरूपे एका कुळातली आणि बोलण्याची घडण निम्मी दुसऱ्या कुळाने घडवलेली आहे. मग ‘आपण आर्य की द्राविड’ हा प्रश्न मराठीला विचारायचाच कसा?

पदपाठ

ओवी यांच्या प्रतिसादात एकच भर घालतो. मूर्धन्य ध्वनी द्राविड प्रभावाने आले की संस्कृतच्या स्वतःच्या ध्वनिनियमांतून निर्माण झाले, यावर वाद आहे. ‘नीड’ या शब्दातला ‘ड’ आर्य भाषेच्या आतल्या बदलातून समजावता येतो. लॅटिनमध्ये त्याला ‘नीदुस’ असे भावंड आहे. माधव देशपांडे यांनी तर ऋग्वेदाच्या मूळ उच्चारात मूर्धन्य ध्वनी आजच्या इतके नव्हते आणि पठणपरंपरेत ते वाढले, असे मांडले आहे. बहुधा दोन्ही कारणे एकत्र घडली: वाट आतून तयार होती आणि द्राविड किंवा अन्य भाषा बोलणाऱ्यांनी आर्य भाषा स्वीकारताना ती रुंद केली.

अन्वयार्थी

वंशाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर माझे मत स्पष्ट लिहितो. ‘आर्य’ हा वंश असल्याची कल्पना वेदांतून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात तयार झाली, गोबिनो यांच्यासारख्या लेखकांनी तिला वंशश्रेष्ठत्वाचे रूप दिले आणि विसाव्या शतकात तिच्या नावाने लाखो माणसे मारली गेली. माक्स म्युलर यांच्यावर या कल्पनेचा ठपका ठेवला जातो. त्यांनीच १८८८ मध्ये भाषेच्या नावाने वंश, रक्त आणि कवटी यांची चर्चा करणाऱ्यांचा कठोर शब्दांत निषेध केला होता. ऋग्वेदात आर्य तो, जो विशिष्ट देवांना यज्ञ करतो आणि विशिष्ट वाणी बोलतो. प्राचीन इराणच्या दारियस राजाने आपल्या शिलालेखात स्वतःला आर्य म्हटले आहे, तेही याच अर्थपरंपरेतले.

इथे आंबेडकरांचे एक निरीक्षण मला आजही अचूक वाटते. दस्यूंना पाचव्या मंडलात ‘अनास’ म्हटले आहे. युरोपीय पंडितांनी त्याची फोड ‘अ-नास’, म्हणजे बिननाकाचे, अशी केली आणि त्यावरून चपट्या नाकाच्या काळ्या लोकांचा एक वंश उभा केला. वेदभाष्यकार सायणाचार्यांनी ‘अन्-आस’, म्हणजे ज्यांना तोंड नाही, ज्यांना नीट बोलता येत नाही, अशी फोड केली होती. त्याच ऋचेत ‘मृध्रवाच्’ हे वाणीविषयीचेच विशेषण आले आहे, म्हणून सायणांचा अर्थ संदर्भाला धरून आहे आणि आंबेडकरांनी तोच उचलला. वंशसिद्धान्त नाकारण्यात ते बरोबर होते. मात्र वंश नाही म्हणजे स्थलांतरही नाही, ही पुढची पायरी मला त्या पुराव्यातून निघताना दिसत नाही.

पेशी

शेवटी मूळस्थानाविषयी. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ मध्ये भाषाकुलाचा प्रसार ॲनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पहिल्या शेतकऱ्यांबरोबर झाला असे मांडले. त्याआधी मारिया गिंबुटास यांनी स्टेपमधल्या कुर्गान (मातीच्या ढिगाखालच्या) थडग्यांचे लोक पुढे केले होते. २०१५ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी युरोपापुरते तरी स्टेपचे पारडे जड केले. २०२३ मध्ये शब्दसंग्रहाच्या संगणकीय विश्लेषणावरून कुलाचे वय सुमारे ८,१०० वर्षे काढले गेले आणि इंडो-इराणी शाखा स्टेपवरून न येता थेट इराणमार्गे आली असावी, असे सुचवले गेले. २०२५ च्या जनुकीय संशोधनाने कॉकेशस आणि खालच्या व्होल्गा यांच्या दरम्यानचा एक गट हित्ती आणि स्टेप अशा दोन्ही शाखांचा समान पूर्वज म्हणून पुढे आणला.

अन्वयार्थी

यांतला २०२३ चा निष्कर्ष मला एका कारणासाठी अडतो. चक्र, रथ, अक्ष आणि युग (जू) या शब्दांची भावंडे युरोपातल्या शाखांतही आहेत: ग्रीक ‘कुक्लोस’, लॅटिन ‘रोता’, ‘आक्सिस’, ‘युगुम’. चाकाची गाडी जगात कुठेही इसवी सन पूर्व ४००० च्या फार आधी नव्हती. या शाखा आठ हजार वर्षांपूर्वीच फुटल्या असत्या, तर अस्तित्वात नसलेल्या वस्तूंना सर्वांनी नंतर स्वतंत्रपणे, त्याच धातूंपासून, नियमित ध्वनिबदलांसह तीच नावे दिली असे मानावे लागेल. एखादा शब्द तसा जुळू शकतो. गाडीचा सगळा सांगाडा जुळणे कठीण. हित्ती शाखेत हे शब्द जवळजवळ नाहीत, म्हणून ती आधी वेगळी झाली हेही त्याच्याशी जुळते.

भारताच्या बाबतीत खरी उणीव दुसरीकडे आहे. इसवी सन पूर्व १५०० ते १००० या काळातल्या पंजाब-हरियाणाच्या माणसांची जनुके फारच तुटपुंजी आहेत. वायव्य पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली थडगी वाचली गेली, मैदानातली नाहीत. उष्ण हवेत जनुके टिकत नाहीत आणि वैदिक लोक मृतांचे दहन करत. पण दहाव्या मंडलातल्या पितृसूक्तात ‘ये अग्निदग्धा ये अनग्निदग्धाः’ असे पितरांचे दोन प्रकार सांगितले आहेत. अग्नीने न जाळलेले पितरही होते. घग्गरच्या आणि रावीच्या काठांवर, चित्रित करड्या खापरांच्या (लोहयुगाच्या सुरुवातीच्या) थराखाली, असे एखादे दफन सापडले आणि त्यातून जनुके निघाली, तर या धाग्यावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तर्काऐवजी मोजमापाने देता येतील. उत्खनने त्या दिशेने व्हावीत, असे मला मनापासून वाटते.

सप्तसिंधू

त्या निकालावर माझीही मांडणी तपासून पाहायला मी तयार आहे, मात्र एक अट: नमुना हडप्पा नगरांच्या उत्तरकाळातलाही घ्यावा, फक्त नंतरच्या थराचा नको. स्टेपची धारा इसवी सन पूर्व १९०० च्या आधी मैदानात आढळली, तर आपण सांगितलेल्या पाच शतकांची चौकट मागे सरकवावी लागेल.

अन्वयार्थी

ही अट रास्त आहे. दोन्ही थरांचे नमुने हवेत.